बातमीतलं ठिकाण

गुडघ्याला मलम चोळलं की त्या वासाने मला बाणेर रस्त्यावरची एक रविवार सकाळ आठवते. सुट्टीमुळे बंद असलेल्या एका आयटी कंपनीच्या काचेच्या भिंतीपुढे सात-आठ मुलं-मुली हिप-हॉपच्या तालावर ब्रेकडान्सचा सराव करत होती. गार फरशीवर तळहात टेकून पाय हवेत फिरवायचे आणि काचेत बघून चूक सुधारायची. एका खोलीत पाच माणसं राहणाऱ्या घरांतली ही मुलं. अख्खं अंग दिसेल एवढा आरसा त्यांना दुसरीकडे कुठेच नव्हता आणि स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. त्यांना शिकवणारी मुलगी खरचटलेल्या कोपराला मलम चोळत म्हणाली, "सर, सगळं लिहा, फक्त जागा लिहू नका. वॉचमनकाका आपले आहेत, पण कंपनीला माहीत नाहीये." मी हो म्हणालो. संध्याकाळी वृत्तसंपादकांनी मजकूर वाचून विचारलं, "अहो, हे पुण्यात घडलं की हवेत?" मी कंपनीचं नाव टाळलं, पण रस्ता आणि समोरचा पेट्रोल पंप लिहिला. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा काचेपुढे कुंड्यांची रांग होती आणि वॉचमन नवा होता. मुलं पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर, मातीत सराव करत होती. "बातमी मस्त होती सर, आईने कापून ठेवलीय," ती मुलगी म्हणाली. आरशाचं काय, असं मी विचारलं. "आता एकमेकांना विचारतो, पाय सरळ होता का." ते कात्रण माझ्याकडेही आहे. त्यात तपशिलाची एकही चूक नाही.