एक आवाज कमी

मी घरात जागचा उठलो की माझा मुलगा विचारायचा, "खंय जातंस?" पाणी प्यायला उठलो तरी विचारायचा, गॅस बंद करायला उठलो तरी. मी म्हणायचो, "खंय नाय रे, हयच आसंय." मग तो पुन्हा वहीत मान घालायचा. दोन मिनिटांनी मी परत उठायचो.

दोष त्याचा नव्हता. मला एका जागी बसता येत नाही हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझी बायको लोकांना सांगायची, "ह्यांच्या पायाक भिंगरी आसा." ती गेली आणि भिंगरी जास्तच गरगरायला लागली. मी होड्यांच्या मशीनचा मेकॅनिक. मालवणपासून तारकर्लीपर्यंत कुणाचं मशीन खोकलं की मला फोन येतो. खोकणाऱ्या मशीनचं मला बरं वाटतं, कारण त्याचं काय बिघडलंय ते शोधून काढता येतं. घरात काय बिघडलंय ते मला चांगलं माहीत होतं, पण त्यावर पाना चालत नव्हता.

बायको गेली तेव्हा मुलगा साडेचार वर्षांचा होता. आता सात संपतील. मधल्या काळात मी घावणे शिकलो. माझा घावणा तव्यावरून अखंड कधीच निघत नाही. पोरगा डबा उघडून मित्रांना सांगतो की आमच्याकडे असेच करतात. बांगडे साफ करायला मला आधीपासून येत होतं, पण युनिफॉर्मला इस्त्री करताना एक शर्ट जाळला. केस विंचरताना घाईत भांग रोज वेगळ्या बाजूला पडायचा. शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात, चर्चच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळी वाडी त्यांना टीचर म्हणते. त्या कुंपणापलीकडून बघायच्या आणि म्हणायच्या, "आज डावीकडे?" मी म्हणायचो, "आज डावीकडे." तेवढ्यात फोन वाजायचा आणि मी निघायचो.

शाळा साडेचारला सुटते. साडेचारला मी फाटकाशी असायचं, उशीर होणार असेल तर टीचरना फोन करायचा, असं ठरलेलं होतं. दोन वर्षं ते बऱ्यापैकी पाळलंही. मग गेल्या डिसेंबरात, ऐन पर्यटकांच्या गर्दीत, एका होडीवाल्याचं मशीन घेऊन मी तीन वाजता ट्रायलला समुद्रात गेलो. अर्ध्या तासात येतो म्हटलं. मशीन छान चाललं, म्हणून आणखी थोडं पुढे नेलं. मला मागे फिरायचं सुचलंच नाही. खरं सांगायचं तर पाण्यावर मला बरं वाटत होतं, कारण तिथे कुणी काही विचारत नव्हतं. आणि तिथेच मशीन मेलं. फोन गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवलेल्या शर्टाच्या खिशात होता. मासेमारीवरून परतणाऱ्या एका होडीने मला ओढून आणलं, तोवर दिवेलागण झाली होती.

जेटीवर माझा मुलगा उभा होता. पाठीला दप्तर, हातात कुणीतरी दिलेलं बिस्कीट, तसंच धरलेलं. शाळा सुटल्यावर तो काही वेळ फाटकाशी थांबला होता आणि मग दोन किलोमीटर एकटा चालत जेटीवर आला होता. येणाऱ्या प्रत्येक होडीवाल्याला तो एकच प्रश्न विचारत होता, "माजो बाबा पाण्यात गेलो काय?" हे मला नंतर एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितलं.

होडीतून उतरल्यावर मी काय केलं? मी त्याच्या कानाखाली मारली. शाळेकडे का नाही थांबलास, रस्त्यात गाडी आली असती तर, असं काहीबाही ओरडलो. तो रडला नाही. त्याने बिस्कीट खिशात ठेवलं आणि माझी पँट मुठीत धरली. ती मूठ घरी पोचेपर्यंत सुटली नाही. मला माझ्या हाताची इतकी लाज वाटली की जेवताना मी डाव्या हाताने वाढलं.

कोकणात बातमी एसटीच्या आधी पोचते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सासू वेंगुर्ल्याहून आली. पिशवीत नातवासाठी दोन नवे शर्ट आणि काजू. मुलगा शाळेत होता. ती ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि आवाज न चढवता म्हणाली, "तेका माज्याकडे द्या."

मी म्हटलं, "आई, एकदा चुकी झाली. परत होवची नाय."

"तुमका जमाचा नाय. तुमी वायट आसात असा मी म्हणणंय नाय. पण तुमच्यान घरात बसवत नाय, आणि पोराक घरात बसणारा माणूस व्हया." मग लेकीच्या आठवणीने तिने पदराने तोंड पुसलं. "माजा चेडू गेला. आता नातू पाण्यात घालवक मी तयार नाय."

मी नको म्हणत राहिलो, ती हवा म्हणत राहिली. दुपार होत आली तेव्हा ती म्हणाली, "मगे देवाक इचारूया. कौल लावूया."

आमच्याकडे माणसांचं जिथे अडतं तिथे देवाला विचारतात. गावच्या देवळात मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय अडचण आहे ती देवाला मोठ्याने सांगतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझं लग्नही उजव्या कौलाने ठरलं होतं. आणि बायकोला ऑपरेशनसाठी गोव्याला न्यायचं की नाही, तेही याच देवाला विचारलं होतं. तेव्हाही उजवी पडली होती. नवव्या दिवशी मी तिला ॲम्ब्युलन्समधून परत आणलं. तेव्हापासून मी देवळात जात होतो ते मुलासाठी. देवाशी माझं बोलणं बंद होतं.

तरीही मी सासूला हो म्हटलं. टीचरना सांगितलं की म्हातारीचा मान राखायला जातोय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. उजवी पडावी असं मला वाटत होतं. साडेचारचं फाटक नाही, डबा नाही, इस्त्री नाही, कुणी "खंय जातंस" विचारणार नाही. दर रविवारी केक घेऊन वेंगुर्ल्याला जाईन. त्याचा पलंग काढून त्या जागी कामाचं टेबल ठेवायचं, इथपर्यंत मी मनात पोचलो होतो. माझं पोरावर प्रेम नव्हतं असं नाही. मी दमलो होतो, आणि आपण दमलोय हे मान्य करायची हिंमत नव्हती, म्हणून ते काम मी देवावर ढकलत होतो.

मुलाला मी एवढंच सांगितलं की रविवारी सकाळी देवळात जायचंय. तो खूश झाला. देवळात जाणं म्हणजे गाऱ्हाणं, आणि गाऱ्हाणं हा त्याचा प्रांत. आईच्या कडेवर असल्यापासून तो "व्हय म्हाराजा" म्हणतो. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटा, बेंबीच्या देठापासून. मानकरी आजोबा त्याच्यासाठी थांबायला शिकले होते. लोक हसायचे, तेही हसायचे. म्हणायचे, "देवाक कमी ऐकाक येता, ह्येच्यामुळे काम होता."

रविवारी देवळात आम्ही दहाबारा माणसं होतो. सासू खांबाला टेकून बसली होती. मुलगा आजीने आणलेला नवा निळा शर्ट घालून माझ्या पुढ्यात उभा होता. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि तो बाजूला झाला. मानकऱ्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरान तुज्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मग एकट्या मुलाचा आवाज आला, "व्हय म्हाराजाऽ." दोघेतिघे हसले.

"तेची घरकारीण तू नेलंस. कित्याक नेलंस, ता तुजा तुका ठावक."

"व्हय म्हाराजा." पुन्हा मुलाचा आवाज मागून, तसाच मोठा. घरकारीण म्हणजे आपली आई, हे त्याला कळलं नसावं.

"आता हो तेचो झिल आजयेकडे वेंगुर्ल्याक ऱ्हवाक जाऊचो काय, ह्येचो निकाल तू दी. बापाशीक सोडून थंय जाण्यात तेचा बरा आसात, तर उजवी पाकळी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

मानकरी सवयीने थांबले. देवळात काही ऐकू येईना. बाहेर कुणाचीतरी मोटारसायकल गेली, तिचा सायलेन्सर फुटलेला होता, एवढं मला आठवतं. मानकरी मागे वळले आणि म्हणाले, "रे, आज तुजो आवाज खंय गेलो?"

मुलगा त्यांच्याकडे बघत नव्हता. तो मान मागे टाकून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, वेंगुर्ल्याचं ऐकून तो घाबरला असेल. मग लक्षात आलं की तो माझ्या तोंडाकडे बघतोय. मी "व्हय" म्हटलं होतं. इतरांबरोबर, पण स्पष्ट, त्याच्या डोक्याच्या एक हात वर. ते त्याने ऐकलं होतं.

मी म्हटलं, "काका, थांबा. माका काय इचारूचा नाय."

"आता?" मानकऱ्यांचा चेहरा बदलला. "देवाकडे गाऱ्हाणा घालून कोण माघारी फिरणा नाय. पाकळ्यो लागल्यो."

"मगे देवान काय करूचा ता करूंदे. झिल माज्याकडे ऱ्हवतलो."

माझा आवाज गाभाऱ्यापर्यंत घुमला. देवाशी अडीच वर्षांत मी बोललेलं ते पहिलं वाक्य. कुणीतरी म्हणालं, ह्याचा स्वभावच असा, याला दोन मिनिटं उभं राहता येत नाही. मी मुलाला उचललं आणि बाहेर आलो. पाकळी कुठली पडली ते मी बघितलं नाही. सासू आत होती, तिने नक्की बघितलं. थोड्या वेळाने ती बाहेर आली, प्रसादाचा नारळ तिने नातवाच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "मी सोमवारी येतंय. शुक्रवारपर्यंत ऱ्हवतंय. तुमका घावणे जमणत नाय." तेव्हापासून ती महिन्यातून आठवडाभर येते. कौलाबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या परतीच्या वाटेचं. मुलगा मोटारसायकलवर पुढे, टाकीवर बसला होता, नारळ पोटाशी धरून. माडांच्या उतारावर त्याने न वळता विचारलं, "बाबा, तू व्हय कित्याक म्हटलंस?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. सगळे म्हणतात म्हणून म्हटलं, देवळात म्हणायचंच असतं. सात वर्षांच्या पोराला ते पटलंही असतं. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि म्हणालो, "चुकलंय."

त्याने जरा विचार केला. "जेटीर मारलंस तसा?"

"तसाच."

"बरा," तो म्हणाला. मी गाडी चालू केली.

त्या दिवसापासून त्याने "खंय जातंस" विचारणं सोडलं. आधी मला वाटलं, पोर निवळलं. मग एका संध्याकाळी मी पाण्यासाठी उठलो आणि मागे पाहिलं, तर तो पेन्सिल हातात घेऊन उभा. मी गॅसकडे गेलो, तो गॅसकडे. मी दारात गेलो, तो दारात. मी "हयच आसंय" म्हटलं तर त्याने मान हलवली, पण तो जागेवर जाईना. माझ्या शब्दावर आता त्याचा भरवसा नाही, आणि तो नसावा यात त्याची काही चूक नाही.

मी उभा राहिलो की त्याचा अभ्यास थांबतो. मी बसलो की तोही बसतो आणि लिहितो. फोन वाजतो, पाय वळवळतात, समोरच्या खाडीत कुणाचं तरी मशीन खोकत जातं आणि त्याचा प्लग गेलाय हे मला इथून कळतं. त्याच्या पाढ्यांच्या दोन ओळी राहिल्यात. मी बसून आहे.