पाणमांजरांच्या कॅमेऱ्यावर देणगीदाराची पाटी

मित्रहो, आज सकाळी वसाहतीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाकडे मी मदत मागितली. तो अनुभव येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

माझी दिवंगत पत्नी सुनंदा महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. जायकवाडीच्या काठावर उरलेल्या पाणमांजरांचा अभ्यास ती स्वखर्चाने करत होती. त्यासाठी तिने काठावर लावलेले स्वयंचलित कॅमेरे आता बंद पडले आहेत. नवे मिळाले नाहीत, तर तिच्या विद्यार्थिनीला हे काम याच हिवाळ्यात थांबवावे लागेल.

मी योजना मांडली. एका कुटुंबाने एक कॅमेरा द्यावा आणि त्याने टिपलेली छायाचित्रे त्या कुटुंबास घरपोच मिळावीत.

"सर, नावाची पाटी कुठं लावणार?" अध्यक्षांनी विचारले.

"पाटी लावता येणार नाही. कॅमेरा झुडपात लपवावा लागतो."

"मग दिला कुणी, हे लोकांना कळणार कसं?" शेजारचे कुलकर्णी म्हणाले, "त्यापेक्षा आपल्या गल्लीतली मांजरं मोजा, लई झालीत!"

सगळे हसले.

त्यानंतर पाच मिनिटांत, बागेत सुनंदाच्या स्मरणार्थ ग्रॅनाइटचे बाक बसवण्याचा ठराव एकमताने संमत झाला. बाकाच्या पाठीवर देणगीदारांची नावे कोरली जाणार होती. वर्गणी जागेवरच जमली.

मी बाक नाकारले.

"वहिनींची आठवण नको का तुम्हाला?" कुलकर्णींनी विचारले. ती पहाटे कोठे जाते, हे तिच्या हयातीत त्यांनी एकदाही विचारले नव्हते.

आपणांपैकी कोणी कॅमेरा देऊ शकेल काय? नाव कोठेही लिहिले जाणार नाही. सुनंदाच्या कॅमेऱ्यांवर तिचेही लिहिलेले नाही.