फोनमध्ये राहिलेलं नाव

दोन हजार सात-आठच्या सुमारास मी राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत मोबाईलवर चालणारे प्रोग्रॅम लिहायचे. बटणांचे फोन, काडेपेटीएवढा पडदा, आणि इंटरनेट आलं तर आलं. माझा थोरला भाऊ शिवाजी पेठेतल्या एका तालमीचा कार्यकर्ता. तालमीकडे रक्तदात्यांची एक वही होती. दवाखान्यातून निरोप आला की कुणीतरी धावत जाऊन ती उघडायचं. भाऊ म्हणाला, ही वही आमच्या फोनमध्ये घालून दे.

पहिल्या खेपेला मी केलं ते असं, की वहीतली नावं सर्व्हरवर चढवली, फोन तिथून यादी आणायचा आणि नुसती मेमरीत धरून ठेवायचा. तिथून ती झटकन दिसायची, पण प्रोग्रॅम बंद झाला की पुसली जायची. वॉर्डात यादी उघडावी आणि नेमका कुणाचा तरी फोन यावा. बोलून होईपर्यंत यादी गायब. आत रेंज नाही, म्हणून भाऊ फोन उंच धरून रस्त्यावर पळायचा. मग मी यादीची एक प्रत फोनच्या कायमच्या साठ्यात लिहून ठेवली. फोन बंद करून चालू केला तरी ती तिथंच. अशा हाताशी ठेवलेल्या प्रतीला आमच्या धंद्यात कॅश म्हणतात. भावाला वाटलं, मी पैशाचं काहीतरी बोलतेय.

नवी यादी यायला फार वेळ लागायचा, म्हणून ते काम मी एका बटणावर सोपवलं. ज्याला हवी तो दाबेल. कुणीच दाबत नव्हतं. जुनी यादी इतकी पटकन उघडायची, की ती जुनी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं.

एका दुपारी गडहिंग्लजकडून एक बाळंतीण कोल्हापुरात आणली. ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. भावानं यादीतल्या पहिल्या नावाला फोन लावला. ते एसटीवर ड्रायव्हर होते. फोन त्यांच्या बायकोनं उचलला. पोरगी बाळंतीण आहे, साहेबांना लगेच पाठवा, असं भाऊ घाईघाईनं सांगत राहिला. त्यांनी त्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, त्यांना जाऊन दोन महिने झाले.

दुसऱ्या नावाचा माणूस पाऊण तासात पोचला आणि बाळंतीण वाचली. भाऊ मात्र घरी येऊन हातपाय न धुता तसाच बसून राहिला. मी सर्व्हर तपासला. तालमीतल्या दुसऱ्या कार्यकर्त्यानं ते नाव कधीच काढलं होतं. भावाच्या फोनमधल्या प्रतीला ते कळलंच नव्हतं, कारण कळायची सोय मी ठेवली नव्हती.

रविवारी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी खाकी कपड्यातला त्यांचा फोटो. भावाच्या आधी मीच बोलले.

"मावशी, चूक माझी आहे. तुमच्यासमोरच नाव काढते."

आदल्या दिवशीच मी एकेक नाव काढण्याची सोय केली होती. भावाच्या फोनवर ते बटण दाबलं. त्या वाकून पडद्याकडे बघत होत्या.

"अजून हाय की," त्या म्हणाल्या.

नाव तसंच होतं. साठ्यातून ते गेलं होतं, पण समोर उघडलेली यादी मेमरीतली होती, आणि तिथून काढायचं मी विसरले होते. माझे कान तापले. प्रोग्रॅम बंद करून उघडला की जाईल, एवढं कसंबसं सांगितलं आणि बटणाकडे बोट नेलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. "थांबा जरा. रेशनकार्डाबिगर त्यांचं नाव असं छापल्यालं कुठं बघितलंच न्हाय मी."

फोन हातात घेऊन त्या बसून राहिल्या. पडद्याचा उजेड गेला की मी एखादं बटण दाबायचे. ड्युटीवरून आल्यावर जेवण तसंच ठेवून ते कसे रक्त द्यायला जायचे, ते त्या सांगत होत्या. जेवून जावा म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. मग त्यांनी फोन परत दिला.

"करा आता बंद. त्या पोरीचं काय झालं?"

"वाचली. मुलगी झाली तिला," भाऊ म्हणाला.

त्या उठून चहा ठेवायला गेल्या.

त्या आठवड्यात मी प्रोग्रॅम पुन्हा लिहायला घेतला. जुनी यादी आधी लगेच दाखवायची, मागून सर्व्हरला फक्त बदल विचारायचे, आणि आलेला बदल साठ्यात आणि मेमरीत, दोन्हीकडे लिहायचा. रेंज नसेल तर यादी किती दिवसांपूर्वीची आहे ते वर ठळक दाखवायचं. जास्तच जुनी असेल तर नंबर लावण्याआधी 'यादी जुनी आहे, तरी लावू का?' असं फोन एकदा विचारायचा. त्या प्रश्नात वेळ जातो म्हणून काही कार्यकर्ते कुरकुरले. भावानं त्यांना सांगितलं की तो प्रश्न राहणार, आणि पलीकडून कुणीही फोन उचलला तरी आधी घरची विचारपूस करायची, मग रक्ताचं बोलायचं.