कोरड्या नदीची ओटी

आम्ही राहतो त्या अर्विंगहून निघालेलं विमान वाळवंटातल्या फिनिक्सवर उतरू लागलं तेव्हा खाली तांबडी माती आणि तिच्यात निळे ठिपके दिसले. घरोघरचे पोहण्याचे हौद.

"नदी कुठाय?" माझ्या बायकोनं, सुधानं विचारलं.

तिच्या बॅगेत खण आणि नारळ होता. नव्या गावी गेलं की तिथल्या नदीची ओटी भरायची (खण-नारळ, तांदूळ वाहायचे), ही तिच्या वाईच्या माहेरची रीत. यंदा कारणही मोठं होतं. आमची केतकी नवऱ्यासह इथे राहायला आली होती आणि तिला सातवा महिना होता. बिनपाण्याच्या गावात मुलगी देत नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात. आम्ही दिली नव्हती, तिच्या कंपनीनेच नेली.

विमानतळाबाहेर आलो आणि चुलीत डोकं घातल्यासारखं झालं. "बाबा, ड्राय हीट आहे, जाणवत नाही," केतकी म्हणाली. तव्यावरच्या भाकरीलाही ड्राय हीटच मिळते, पण तिला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी जुने अवशेष पाहिले. माहिती सांगणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, होहोकम (इथले प्राचीन रहिवासी) लोकांनी लाकडाच्या काठ्यांनी मैलोन्‌मैल पाट खणले, शेकडो वर्षं शेती केली आणि नंतर कधीतरी गाव सोडलं. पुढे गोरे आले. त्यांनी तेच पाट उकरले, आजचे कालवेही पुष्कळ ठिकाणी त्याच रेषांवर आहेत, आणि राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव गावाला दिलं. मी जन्मभर सिव्हिल इंजिनिअर होतो. दुसऱ्याच्या कामावर आपली पाटी लावणं मला नवं नव्हतं.

बाकी प्रेक्षणीय म्हणजे सग्वारो (माणसाच्या कितीतरी पट उंच, हात वर केलेला निवडुंग) आणि वाळवंटातली हिरवीगार गोल्फची मैदानं. हॉटेलच्या ओसरीवर गिऱ्हाइकांवर पाण्याचे तुषार उडत होते. तिथे निवडुंगाच्या बोंडांचं सरबत प्यायलो. माणदेशात आम्ही पोरं ती बोंडं फुकट खाऊन जिभा लाल करायचो. इथे पेल्यात कागदी छत्री मिळते.

मग नदी. फोनने एका पुलावर नेलं. नदीच्या नावाची पाटी होती, खाली दगड आणि झुडपं.

"पाणी वर डॅम्समध्ये अडवलंय, आई. इट्स नॉर्मल."

सगळ्या गावात पाणी होतं, नदीत तेवढं नव्हतं. सुधा गाडीत जाऊन बसली. "नदीच अशी, तर हिला कुणाच्या भरवशावर सोडून जायचं?"

आमचं लग्न ठरतानाची गोष्ट. सासरे स्थळ बघायला आले होते, नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या माणगंगेला पाणी आलं होतं. सुधाला ते पुढे फार क्वचित दिसलं. या विषयात मला बोलायला तोंड नाही.

निघायच्या सकाळी मी तिला केतकीच्या घरामागच्या कालव्यावर नेलं. "नदीच आहे ही," म्हटलं, "फक्त पत्ता बदललाय." सुधाने माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण हळदकुंकू काढलं. पाण्याला तांदूळ, नारळ वाहिला. खण दाखवून केतकीच्या ओटीत घातला.

"आई, प्लीज, पीपल आर वॉचिंग!"

कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबलेच. "काही पडलं का पाण्यात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नो," सुधा म्हणाली, "गिव्हन."

आजोबांनी उगीचच टोपी काढली. नारळ डुलत गेला. विमानात सुधा खालचे निळे ठिपके दिसेनासे होईपर्यंत खिडकीतून पाहत राहिली. मुलीला तिथे ठेवून येणं माझ्याही जिवावर आलं होतं.

अर्विंगला घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"बाबा, तो कोकोनट पुढच्या ब्रिजखाली कचऱ्यात अडकला होता. वॉकला गेले तेव्हा दिसला."

"मग?"

"मग काय, घरून स्विमिंग पूलचं नेट आणलं. काढला आणि पुढे सोडला. अर्धा तास गेला यार. सगळी भिजले."

वाहिलेला नारळ बाहेर काढला म्हणून सुधा रागावणार असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"पाणी गार होतं का गं?"

"हो, आई. मस्त गार होतं."

"मग राहा तिथे," सुधा म्हणाली आणि डोळे पुसले.