तेलाचे सात ठिपके

पाहुणा दारात आला की आमच्या अक्का त्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, पायांकडे बघायच्या. टाचा, बोटं, चप्पल कुठल्या बाजूला झिजलीय ते. मग मसाजच्या टेबलाकडे हाताने खूण करून म्हणायच्या, "सुम्मे पडा." सुम्मे म्हणजे कन्नडमध्ये उगी, गुपचूप. बंगलोरहून आलेला कंपनीचा बडा साहेब असो नाहीतर योग शिकायला आलेली परदेशी पोरगी असो, अक्कांचं स्वागत एवढंच. आम्ही त्यांना हात जोडून म्हणायचं एक भाषण पाठ करायला दिलं होतं. त्यातले हात जोडायचे तेवढे त्यांनी घेतले आणि भाषण आम्हालाच ठेवलं.

चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी एक वेलनेस सेंटर आहे, तिथे मी पाहुण्यांची व्यवस्था बघते. मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले आणि सरस्वतीपुरमात घर करून राहिले. अक्का मात्र इथल्या जुन्या मराठी. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणे. फौज गेली, घोडे गेले, घरातली मराठी तेवढी राहिली, तीही अर्धी कन्नड होऊन. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने त्यांच्याशी मराठीत बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं मराठी रेडिओतलं आहे मा. आमचं आपलं चुलीपाशीचं."

त्यांनी कुठला कोर्स केलेला नव्हता. तीस वर्षं गल्लोगल्ली फिरून बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना तेल लावून न्हाऊ घातलं होतं, तेच त्यांचं शिक्षण. सेंटर नवीन होतं तेव्हा आमच्या मालकांच्या आईने त्यांना आणलं. मालकांच्याही अंगाला पहिलं तेल अक्कांनीच लावलेलं. त्यामुळे मालक सगळ्यांवर ओरडायचे, अक्कांवर नाही.

अलीकडे तुम्ही अशा एखाद्या ठिकाणी गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, नुसतं तेल लावून घ्यायला आता कुणी येत नाही. आमच्याकडे बर्फाच्या पाण्याचा टब आला. लाल उजेडाची खोली आली. काशाच्या वाट्या वाजवून त्या आवाजात माणसाला झोपवायचं आलं. प्रत्येक गोष्ट आली की अक्का एकदा जाऊन बघून यायच्या. बर्फाच्या टबात दात वाजवत बसलेला तरुण बघून म्हणाल्या, "अय्यो पाप, बिचारा! आमच्या बेट्टदपुरात थंडीत सगळेच अशी आंघोळ करत होते. फुकट होतं, अल्वा, नाही का?" बेट्टदपूर त्यांचं माहेर. वाट्यांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि मला हळूच विचारलं, "वाजवून झाल्यावर जेवायला काय वाढतात?"

एक सॉफ्टवेअरवाला पाहुणा मनगटावरचं घड्याळ दाखवून सांगत होता की काल रात्री त्याची झोप उत्तम झाली, घड्याळात तसं आलंय. अक्का त्याच्या पोटऱ्या दाबत होत्या. म्हणाल्या, "घड्याळ झोपलं असंल. तुमी नाही झोपलात." तो आधी हसला, मग सांगायला लागला. बायको माहेरी निघून गेली होती त्याची. दीड तासाने तो उठला तेव्हा डोळे सुजलेले होते आणि मला म्हणाला, पुढच्या वेळीही हीच बाई हवी.

पण मला सांगायचंय ते ठिपक्यांचं.

इकडे तेल लावून न्हाऊ घालायच्या आधी एक रीत असते. तेलात बोट बुडवायचं, जमिनीवर सात ठिपके द्यायचे आणि एकेका ठिपक्याला एका चिरंजीवाचं नाव घ्यायचं. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमंत, बिभीषण, कृप, परशुराम. म्हणजे हे सात जसे अमर, तसं ह्या माणसालाही आयुष्य मिळो. मग तेल डोक्याला. घरोघरी सणाला, वाढदिवसाला आई लेकरांसाठी हे करते. अक्का प्रत्येक पाहुण्यासाठी करायच्या. पाहुणा डोळे मिटून पडलेला, त्याला पत्ताही नसायचा. ह्या खाली वाकून पुटपुटत सात ठिपके देऊन मोकळ्या.

आमच्या नव्या लाकडी जमिनीवर डाग पडायला लागले तशी सफाईवाल्यांची तक्रार आली. मी त्यांना स्टीलची एक लहान ताटली आणून दिली. "आयतु," म्हणाल्या, म्हणजे झालं, ठीक. तेव्हापासून ठिपके ताटलीत.

एकदा बंगलोरच्या एका बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं. अक्कांनी सांगितलं. त्या बाईंची आई लहानपणीच गेलेली. त्या टेबलावर उठून बसल्या आणि ढसाढसा रडल्या, आणि घरी जाऊन इंटरनेटवर हे सगळं लिहून काढलं. ते मालकांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "मॅडम, लोकांना आता नुसता मसाज नकोय, विधी हवाय. आणि आपल्या घरातच आहे की तो!"

मग काय, मी बसले लिहायला. 'सप्तचिरंजीव आयुष्यविधी' हे नाव माझं. पितळेची समई, केळीचं पान, मंद घंटा, हे सगळं माझं. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं होतं ते. अक्काही खूश होत्या. बाकीच्या मुलींकडून सात नावं पाठ करून घेतली. कुणी कृपाचार्य विसरली की म्हणायच्या, "त्यालाच सगळे विसरतात, पाप. परत घे." पॅकेज जोरात चाललं.

घोटाळा एका जोडप्याने केला. बायकोने आयुष्यविधी घेतला होता, नवऱ्याने साधा मसाज. संध्याकाळी दोघांनी चहा घेताना गोष्टी जुळवून पाहिल्या. नवऱ्याकडे अक्का होत्या. त्याला ठिपके आपसूक मिळाले होते. बाई तडक माझ्या टेबलाशी आल्या. "यांना असंच आयुष्य देताय, मग मी जास्तीचे पैसे कशाचे दिले?" प्रश्न बिनतोड होता. मालकांनी नियम केला की ठिपके फक्त पॅकेजवाल्यांना. तो कन्नडमध्ये टाइप करून मुलींच्या खोलीत मीच चिकटवला.

अक्का कागद वाचून माझ्याकडे आल्या. "मॅडम, तेल लावायचं आणि आयुष्य मागायचं नाही? हे कसं?"

"मनात म्हणा की, अक्का. कोण अडवतंय?"

"मनात जेवलं तर पोट भरतं का?"

"नियम आहे हो. माझ्या हातात नाही."

"तेल हातात घेतलं की त्या माणसाचं आयुष्य पण स्वल्प आपल्या हातात येतं. मागून घ्यायचं सोडलं तर ते कुठं जाईल?" त्या चिडल्या नव्हत्या. खरोखरच विचारत होत्या. मी टेबलावरचा फोन उचलला.

त्यांनी ठिपके बंद केले नाहीत. टेबलाच्या पायाला, आतल्या बाजूने द्यायला लागल्या. मला माहीत होतं. मी बघून न बघितल्यासारखं करत होते, आणि तसंच निभावलंही असतं.

आमच्याकडे महिन्यातून एकदा एक निवृत्त शिक्षिका यायच्या. सरस्वतीपुरमात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या. ऐंशी ओलांडलेली, एकटी बाई. नेटकी साडी, रिक्षावाल्याशीही व्याकरणशुद्ध कन्नड. पॅकेज न घेता नुसतं गुडघ्यांना तेल लावून घ्यायला यायच्या, तेही अक्कांकडूनच. अक्कांच्या मुलीला त्यांनी शाळेत शिकवलं होतं. त्या टेबलावर पडायच्या नाहीत, खुर्चीत बसायच्या. त्यामुळे ठिपके त्यांना दिसायचे, आणि अक्का एकेक नाव घ्यायच्या तेव्हा त्याही ओठ हलवायच्या.

एकदा त्या आल्या होत्या तेव्हा मालक दोन गुंतवणूकदारांना घेऊन सेंटर दाखवत फिरत होते. म्हैसूरबाहेर आणखी दोन सेंटरं काढायची बोलणी चालली होती. ते माझ्यासोबत त्या खोलीच्या दाराशी थांबले. दार उघडंच होतं. अक्कांनी वाटीत बोट बुडवलं होतं. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "अक्का, आज नको."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते बोट टॉवेलला पुसलं. खुर्चीतून बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "आज नाही का?" मालक पुढच्या खोलीकडे वळले. तेव्हा त्याच हसून म्हणाल्या, "असू दे गं. पुष्कळ झालं माझं आयुष्य." आणि पाय पुढे केला.

नवव्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले तेव्हा शिक्षिकाबाईंच्या दारासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि शेजारी हलक्या आवाजात बोलत होते. झोपेतच गेल्या. हृदयाचा जुना आजार होता.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आत्ताही नाही. ऐंशीच्या पुढची आजारी बाई जाते, त्यात नवल ते काय? बसमध्ये मी हेच मनाला सांगत होते. अक्कांना सांगूच नये असंही वाटलं. पण आज ना उद्या कुठूनतरी कळलंच असतं.

सांगितलं तेव्हा त्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. "कधी?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. हातातली घडी पुरी केली, राहिलेले टॉवेल घडी करून कपाटात लावले. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. गणवेश खुंटीला अडकवला, स्वतःची साडी नेसली आणि निघाल्या.

"अक्का, दोन पाहुणे आहेत तुमचे."

"आता कुणालाच नको मॅडम."

पंधरा दिवस मी वाट पाहिली. मालक दोनदा स्वतः जाऊन आले. वाटेल तेवढे ठिपके द्या, कुणालाही द्या, असं सांगून आले. मग मी गेले.

नंजनगूड रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलेली होती, बाळ बारा दिवसांचं. अक्कांनी मला पाट दिला, कॉफी दिली. मी वाक्यं जुळवून गेले होते. त्या बाईंचं वय, त्यांचा आजार, डॉक्टर काय म्हणाले ते. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझी चूक होती, अक्का," शेवटी मी म्हणाले. "तुमची नाही."

"तुमी नका मनाला लावून घेऊ मा. तुमी कागद चिकटवला. हात माझा होता."

मला लाज वाटली. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी सुटले असते.

एवढ्यात दारातून एक म्हातारी बाई पिशवी घेऊन आली आणि सरळ मोरीकडे गेली. मला वाटलं शेजारीण असेल. पण तिने पदर खोचला, पाय लांब केले आणि मुलीने बाळ तिच्या पायांवर आणून ठेवलं. मी अक्कांकडे पाहिलं. तीस वर्षं गावभरची बाळं न्हाऊ घातलेली बाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या नातवाला तेल लावायला पैसे देऊन ठरवलेली बाई आली होती.

"मान सांभाळा," अक्का बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. मग, "पाणी हातावर घेऊन बघा आधी." बाळ किंचाळून रडायला लागलं तशा उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला. सगळी भांडी घासून पालथी घातलेली मी येतानाच पाहिली होती.

मुलगी माझ्याजवळ सरकली. तिची मराठी आईहूनही तोडकी. "आई बाळाला अजून हातच लावत नाही, मॅडम. एकदा पण नाही. मी किती सांगितलं, ऐकत नाही." मग आवाज खाली करून म्हणाली, "तुमी सांगा ना. तुमचं ऐकते ती."

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. अक्कांची पाठ माझ्याकडे होती. "अक्का," मी म्हणाले, "घ्या हो बाळाला."

"तेवढं सोडून काय पण सांगा, मॅडम," त्या म्हणाल्या आणि बाळ रडायचं थांबलं का ते ऐकायला त्यांनी नळ बंद केला.