हे विमान कोणतं, सांगा बरं!

रागाच्या गोष्टी कोणी मुद्दाम जपून ठेवत नाही, त्या आपोआप साठतात. माझ्याकडे तर पोतंभर साठल्या आहेत! अमरावतीत माझा फोटो स्टुडिओ आहे. रविवारी सकाळी अर्धं शटर ओढून आम्ही तिघं बसतो: मी, इतिहास शिकवून रिटायर झालेले जोशी सर आणि धांडे काका. काका हवाई दलात फिटर होते, म्हणजे विमानांची देखभाल करणारे. वीस वर्षं त्यांनी विमानांच्या पोटाखाली काढली. लोक घरातले जुने लष्करी फोटो आणतात आणि आम्ही त्यातलं विमान ओळखून देतो. फुकट! फुकटच्या कामाला काय मान असतो, ते ऐकाच.

गेल्या वर्षी आणखी एक गोष्ट चालू होती. अकोल्याचे एक वकीलसाहेब अशाच फोटोंचं प्रदर्शन भरवणार होते. काकांनी त्यांना आपला फोटो दिला. विमानासोबतचा त्यांचा हा एकच फोटो. परतवाड्याला काकूंच्या माहेरी 'आमचे जावई विमानं पुसायचे' असं पन्नास वर्षं हसत हसत सांगतात. काका ते हसून ऐकतात, पण मला विचाराल तर त्यांना लागतं. "एक डाव भिंतीवर पाहू द्या त्यायले," एवढंच ते म्हणाले. त्यासाठी काकूंनाही अकोल्याला न्यायचं ठरलं.

* * *

शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी फोटो घेऊन आले. आजोबा विमानात बसलेले, डोळ्यांवर गॉगल, एक हात वर! "फायटर पायलट होते आमचे आजोबा."

काकांनी भिंग लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं.

"भाऊ, तुमच्या आजोबाच्या वहाना विमानाच्या खालून दिसून राहिल्या."

जत्रेतल्या फोटोवाल्याचं प्लायवूडचं विमान होतं ते! गृहस्थ असे तापले, की बस. "तुमाले आमचं चांगलं पाहावत नाई!" चार दिवसांनी त्यांनी मला मोबाइलवर उत्तर पाठवलं. कुठल्याशा अ‍ॅपने लिहून दिलं होतं, 'स्पिटफायर', म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. वहाणांसकट स्पिटफायर!

* * *

दर्यापूरला पंधरा ऑगस्टचं बॅनर लागलं. जवानांना सलाम, खाली पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो आणि वर झेपावणारं विमान. काकांनी मान वर केली आणि त्यांचं डोकंच फिरलं. विमान सेबर होतं, म्हणजे पासष्टच्या लढाईत समोरच्या बाजूचं! शेपटीवर चांद-तारासुद्धा होता.

काकांनी तिथल्या कार्यकर्त्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "काका, उडते ना? मंग झालं!"

बरीच वादावादी झाली, तेव्हा कुठे तो बॅनर दुरुस्त करायला तयार झाला. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला, पाहतो तर चांद-ताऱ्यावर तिरंग्याचं स्टिकर चिकटवलेलं. वर आम्हालाच फोन, "आता झालं ना आपलं?"

* * *

पण माझं रक्त खरं उकळलं ते एका इंजिनिअर साहेबांमुळे. त्यांच्या चुलत्यांचा डाकोटा विमानासमोरचा फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर 'क्लिअर' करून आणला. रंग काय, चकाकी काय! एका पंख्याला तीन पाती, दुसऱ्याला पाच. शेपटीवरचा नंबर तर कुठल्याच भाषेतला नव्हता. त्या नंबरावरून विमान नेमकं कोणत्या तुकडीचं, ते कळलं असतं.

मी म्हटलं, "मूळ फोटो आणा."

"तो फाटका होता हो. कचरागाडीत टाकला. आता एचडी आहे ना!"

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. जोशी सरांनी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर हात आपटला. तेच साहेब जाता जाता म्हणतात, "डाकोटा म्हणजे माल वाहायचं विमान ना? एखादं फायटर नाही का सांगता येणार?"

तेव्हा काका उठले. आवाज मात्र चढला नव्हता.

"मालच वाहे ते. तांदूळ अन् रॉकेल. बर्फातल्या चौकीवरचे पोट्टे त्याच्यावरच जगले. लाज काहून वाटून राहिली तुमाले?"

* * *

मग प्रदर्शनाचा दिवस आला. काकू नव्या लुगड्यात, काकांनी जुना ब्लेझर घातलेला, परतवाड्याचे दोन मेहुणेही हजर. सबंध हॉलभर विमानं आणि पायलट! काकांचा फोटो मध्यभागी, भला मोठा करून लावलेला. हंटर विमान, कॉकपिटमध्ये हसणारा पायलट. मूळ फोटोत शेजारी शिडीवर उभे राहून काका त्याच्या खांद्यावरचा पट्टा आवळत होते. मीच स्कॅन केला होता तो, मला ठाऊक आहे!

शिडी कापलेली होती. शिडीवरचे काकाही कापलेले होते. खाली पायलटचं नाव आणि 'हंटर'.

मेहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मी वकीलसाहेबांना तिथेच धरलं. ते अगदी शांत. "अहो, फ्रेमचा बॅलन्स जात होता. शिवाय विषय विमानाचा आहे, मेकॅनिकचा नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "जाऊ दे लेका. विमान तर बरोबर लिहिलं त्यायनं." आणि ते दाराकडे वळले.

काकू मात्र हलल्या नाहीत. त्यांना हंटर कळत नाही, डाकोटा कळत नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्या फोटोला नाक लावून उभ्या राहिल्या. पायलटच्या खांद्यावर, फ्रेमच्या अगदी काठाला, कापताना राहून गेलेला एक पंजा होता. त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि सगळा हॉल ऐकेल अशा आवाजात विचारलं,

"वकीलसायेब, हा हात आमच्या घरचा हाये. बाकीचा मानूस कुठी टाकला तुमी?"