गोष्टीतली सख्खी आई

वांगणीची प्रगती मुंबईत नेमकं काय शिकते, हे गावात कुणाला नीट सांगता येत नसे. तिची आई माघी म्हणे, "जर्मन लोकांच्या गोष्टी शिकते. आपल्याकडं म्हातारी माणसं सांगतात ना, तसल्या."

एम.ए.च्या प्रबंधासाठी प्रगतीने जर्मन परीकथांमधलं रान हा विषय घेतला होता. एकदा वर्गात दुष्काळातली गोष्ट निघाली. घरात खायला नाही, म्हणून आईबाप दोन लेकरांना रानात सोडून येतात. बाईंनी विचारलं, रान कशाचं प्रतीक? बहुतेक जण म्हणाले, भीतीचं. प्रगतीला मात्र रान म्हटलं की कंद आठवत, मोहाची फुलं आठवत. तिची भीती दुसरीकडे होती. ती सहा वर्षांची असताना दिवाळीनंतर आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला निघाले, तेव्हा तिला आश्रमशाळेत ठेवून गेले. "बाजारातून खाऊ आणते," म्हणून गेलेली आई थेट होळीला दिसली. हे तिने वर्गात सांगितलं नाही.

पुढे वाचताना तिला कळलं, की जुन्या छापील प्रतीत गोष्टीतली बाई मुलांची सख्खी आई होती. नंतरच्या आवृत्तीत तिला सावत्र केलं गेलं.

सुट्टीत घरी आल्यावर तिने हे आईला सांगितलं. माघी सुपात नागली पाखडत होती.

"सख्खी व्हती ती सावत्र का केली?"

"आई असं करते, हे लोकांना सोसलं नसेल."

"पोरं परत येतात?"

"येतात. पण तोवर आई मेलेली असते. बाप तेवढा भेटतो."

"म्हणजे तिला बोलायलाच नाय दिलं." माघीने सूप खाली ठेवलं. "त्या दिवशी मी बाजारात गेलीच नाय. शाळेच्या फाटकाबाहेर बसून राहिली. तुझं रडणं थांबलं, मग उठली."

प्रगतीला हे ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, "मला खरं का नाही सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तू हात सोडला नसता. मलापण सोडवला नसता."

मुंबईला परतल्यावर प्रगतीने रानाचा विषय सोडला आणि गोष्टीतल्या आईवर लिहायचं ठरवलं. बाईंनी बजावलं, "स्वतःच्या घरावरून जर्मन समाज वाचू नकोस." ते तिला पटलं. मग आठ महिने ती तिकडच्या दुष्काळांच्या नोंदी वाचत राहिली. पीक बुडालेली वर्षं, ओस पडलेली गावं, परक्या दारी कामाला धाडलेली मुलं. एकेक पान शब्दकोश घेऊन लावावं लागे.

प्रबंध पुरा झाल्यावर तिने शेवटचं प्रकरण आईला मराठीत सांगितलं. 'गोष्टीतली आई हतबल होती,' या वाक्यावर माघीने तिला थांबवलं.

"हतबल म्हणजे काय?"

"जिच्या हातात काहीच उरलं नाही अशी."

"मग ते खोड. भट्टीवर नेली असती तर तू विटाच उचलत बसली असतीस. मी विचार करून ठेवली तुला. त्या बाईनंपण केला असंल."

प्रगतीने पेन काढलं.